डेंग्यूची वाट पाहणारा जोडीदार: फिलिपिन्समधील एका मॉर्मन मिशनरी जोडीचे प्रकरण

नोंदीविषयी

युटा राज्यातील सॉल्ट लेक खोऱ्यात मी समुपदेशक म्हणून काम करते. मी मॉर्मन चर्चची सदस्य नाही. परंतु येथे राहणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांप्रमाणे मीही शेजारची मुले शाळा संपताच दोन वर्षांसाठी धर्मप्रसाराला परदेशी निघून जाताना आणि पुष्कळ बदलून परतताना पाहिली आहेत. पुढील प्रकरण अशाच एका मुलाने माझ्याकडे आणले. त्याची व धर्मप्रसाराच्या कामातील त्याच्या तेव्हाच्या जोडीदाराची, दोघांचीही संमती घेतली असून गावे आणि कुटुंबांचे काही तपशील बदलले आहेत. त्यांचा उल्लेख ज आणि म असा केला आहे. विशीतल्या मुलाला आपल्या बरोबरीच्या मुलाच्या जिवाची काळजी एकट्याने वाहावी लागते, तेव्हा त्याच्या हातात नेमके काय असते, हा या नोंदीचा विषय आहे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत दोघांत राहणाऱ्या मुलांच्या पालकांनाही तो परका वाटणार नाही.

पार्श्वभूमी

या चर्चचे औपचारिक नाव चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स असे आहे. 2019 च्या सुमारास जगभरातील सुमारे 400 मिशनांमध्ये, म्हणजे धर्मप्रसाराच्या विभागांमध्ये, त्याचे 65 हजारांहून अधिक पूर्णवेळ मिशनरी काम करीत होते आणि त्यांतील बहुतेक पंचविशीच्या आतले होते. मुलगे दोन वर्षे सेवा करतात, मुली दीड वर्ष. कोठे जायचे हे मुख्यालय ठरवते. पगार नसतो, उलट अमेरिकेतील कुटुंबे त्या काळी दरमहा 400 डॉलर भरत, मग मुलगा युरोपात असो की आफ्रिकेत, आणि ज्या देशांतील कुटुंबांना हा भार झेपत नाही त्यांच्या मुलांना चर्चच्या निधीतून मदत मिळते. घरचे नाव मागे राहते. मुलगा 'एल्डर' आणि आडनाव, मुलगी 'सिस्टर' आणि आडनाव, एवढीच ओळख खिशावरच्या काळ्या नामपट्टीवर उरते.

दिवस सकाळी साडेसहाला सुरू होतो. व्यायाम, आंघोळ, नाश्ता, धर्मग्रंथांचा एकट्याने अभ्यास, मग जोडीने अभ्यास, नव्या भाषेचा अभ्यास, आणि त्यानंतर बाहेर. रात्री नऊच्या सुमारास परत यायचे, उद्याचे नियोजन करायचे आणि साडेदहाला दिवा मालवायचा. आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, कपडे धुणे, बाजारहाट आणि घरच्यांशी बोलणे यांसाठी सुट्टी असते. तिला सगळे 'पी-डे' म्हणतात. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, नाताळात आणि मातृदिनी. फेब्रुवारी 2019 पासून तो दर आठवड्याला करण्याची मुभा मिळाली. हा बदल या प्रकरणात महत्त्वाचा आहे.

सर्वांत महत्त्वाचा नियम जोडीचा. मिशनरी एकटा कधीच नसतो. जोडीदार दिसेल आणि त्याचा आवाज ऐकू येईल इतक्याच अंतरावर राहायचे असते. कोणाबरोबर राहायचे हे मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या मिशनचे प्रमुख, ठरवतात आणि साधारण सहा आठवड्यांनी बदल्या होतात. मैत्री जुळो वा न जुळो, ते सहा आठवडे झोप, जेवण, प्रार्थना, रागलोभ सारे त्या एका माणसाच्या देखत घडते. मुलांना संकटापासून आणि मोहापासून वाचवण्यासाठी हा नियम आहे, हे उघडच आहे. पण त्याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही: एखाद्याचे मन ढासळू लागले तर ते पाहणारा पहिला माणूस तितकाच तरुण आणि तितकाच अननुभवी असतो.

जुलै 2019 मध्ये मध्य फिलिपिन्सच्या विसाया बेटांवरील एका लहान शहरात ज आणि म यांची जोडी लागली. वीस वर्षांचा ज आयडाहोमधील शेतकरी कुटुंबातला, चर्चमध्येच वाढलेला, सेवेचे पंधरा महिने पूर्ण केलेला. एकवीस वर्षांचा म त्याच देशाच्या लुझोन बेटाच्या उत्तर भागातला. आई आणि तो एवढेच या चर्चचे. ट्रायसिकल, म्हणजे प्रवासी वाहणारी तीनचाकी, चालवणारे वडील कॅथलिक होते आणि मुलाने कमावण्याच्या वयात दोन वर्षे अशी घालवणे त्यांना मान्य नव्हते. मोठी बहीण हाँगकाँगमध्ये घरकाम करून पैसे पाठवी. गावच्या छोट्या मंडळीतून, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांतून, पुष्कळ वर्षांनी कोणी मिशनवर निघाले होते, म्हणून तिथल्या लोकांनी वर्गणी काढून त्याला पांढरे सदरे आणि बूट घेऊन दिले होते.

भाषेने त्याची परीक्षा आणखी कठीण केली. त्याची मातृभाषा इलोकानो. या शहरात सेबुआनो बोलतात. ज ने फाटकाबाहेर उभे राहून तिथल्या रीतीप्रमाणे 'आयो!' अशी हाक घातली की घरातली माणसे कौतुकाने हसत बाहेर येत आणि त्याच्या मोडक्या दोन वाक्यांनाही दाद देत. म चुकला की हसू वेगळे असे, कारण हा तर आपल्याच देशातला आहे. ज ला हा फरक अनेक दिवस कळलाच नव्हता.

प्रश्न

दुसऱ्या आठवड्यात ज च्या लक्षात आले की म पहाटे तीनच्या आसपास उठून बसतो. तो भात ताटात चिवडून टाकून देई. यजमानांनी कॉफी पुढे केली आणि ती धर्मनियमामुळे नाकारावी लागली, की पूर्वी तो सहज हसून वेळ निभावून नेई, यजमानही घाईने मायलो करून आणत. आता तो खाली मान घालून गप्प बसू लागला. प्रार्थना संपली की पुन्हा गुडघे टेकी, कारण आधीची प्रार्थना मनापासून झाली नाही असे त्याला वाटे. काम फळत नाही याचा अर्थ आपण कुठेतरी अपात्र आहोत, असे त्याने मनाशी पक्के केले होते. काटेकोर आज्ञापालनाने यश मिळते असे ज्यांना सतत सांगितले जाते, त्यांतल्या हळव्या मुलांना अपयशाचा हाच एक अर्थ सुचतो; माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलांत मी हे पाहिले आहे.

सोमवारच्या फोनने भर घातली. आईचा आवाज ऐकून बरे वाटे, पण त्याच फोनवर ट्रायसिकलचा थकलेला हप्ता, वडिलांचा खोकला आणि बहिणीची दमछाकही कळे. दर आठवड्याच्या फोनची मुभा पुष्कळ मिशनरींना आधार ठरली, आणि ती द्यायलाच हवी होती असे माझे मत आहे. परंतु ज्या घरात मुलाची गैरहजेरी म्हणजे बुडालेली कमाई असते, त्या घरचा फोन कसा पेलायचा याची तयारी म कडून कोणी करून घेतली नव्हती.

एका रात्री म ने ज ला सारे सांगितले आणि कोणाला न सांगण्याचे वचन मागितले. प्रेसिडेंटना कळले तर घरी पाठवतील, वडील म्हणतील मी सांगत होतो, आणि सदरे घेऊन देणाऱ्या माणसांना तोंड कसे दाखवू, असे त्याचे म्हणणे होते. ज ने वचन दिले.

पहिले उपाय

पुढचे दोन आठवडे ज ने स्वतःच्या बुद्धीने गाडे ओढले. दुपारच्या भेटी कमी केल्या, दारात बोलण्याचे काम स्वतःकडे घेतले, म साठी सुके मासे आणि टोमॅटो आणून तो स्वतः स्वयंपाक करू लागला. त्यात खरे प्रेम होते आणि म ला ते आजही आठवते. मात्र दर आठवड्याच्या अहवालात किती नवे लोक भेटले, किती जण रविवारच्या उपासनेला आले, किती जणांची बाप्तिस्म्याची तारीख ठरली, हे आकडे भरावे लागत. ते घसरू लागले तेव्हा ज रात्री उशिरापर्यंत संदेश पाठवून ते सावरू लागला. त्यामुळे बाहेरून ही जोडी ठीकच दिसत राहिली. मिशन प्रेसिडेंटना दर आठवड्याला लिहायच्या पत्रातही त्याने काही लिहिले नाही.

चौथ्या आठवड्यात न राहवून त्याने डिस्ट्रिक्ट लीडरला, म्हणजे आसपासच्या काही जोड्यांचा प्रमुख असलेल्या, शेजारच्या गावातील त्याच्याहूनही लहान मिशनरीला, म चा जीव कामात लागत नाही एवढे सांगितले. त्या मुलाने सद्भावनेने उपवास, आशीर्वादाची प्रार्थना आणि अधिक काम असा सल्ला दिला. तिघांनी मिळून प्रार्थना केली. म त्या रात्री झोपलाही. दोन दिवसांनी सारे पूर्ववत झाले आणि आशीर्वाद मिळूनही आपण बरे झालो नाही, हा म च्या लेखी अपात्रतेचा आणखी एक पुरावा ठरला.

निर्णयाची रात्र

6 ऑगस्ट 2019 रोजी फिलिपिन्सच्या आरोग्य विभागाने डेंग्यूची राष्ट्रीय साथ जाहीर केली. मिशनकडून सूचना आल्या: डासांचे मलम लावा, पाण्याची भांडी झाकून ठेवा, साठलेले पाणी ओता. या दोघांच्या खोलीमागे पावसाच्या पाण्याचे पिंप होते. ज त्यावर झाकण ठेवी आणि संध्याकाळी पाहतो तो झाकण बाजूला असे. वाऱ्याने पडले असेल असे त्याने दोनदा मानले. मग एका संध्याकाळी, डासांच्या ऐन वेळी, म त्या पिंपाजवळ बाह्या वर सारून बसलेला त्याला दिसला. मलमाची नळी पिशवीत तशीच बंद होती.

विचारल्यावर म ने शांतपणे उत्तर दिले. डेंग्यू झाला तर रुग्णालयात ठेवतील, कदाचित घरी पाठवतील, आणि मग कोणी काही म्हणणार नाही. ज ने विचारले, डेंग्यूने माणसे मरतात हे तुला माहीत आहे ना? म म्हणाला, माहीत आहे.

संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. ताप अंगावर मोजता येतो, रक्तातील प्लेटलेट कागदावर दाखवता येतात, म्हणून अशा आजाराने परतणारा मुलगा मान ताठ ठेवू शकतो. मनाच्या आजाराला असा कागद नाही, म्हणून म दुसरा आजार शोधत होता, आणि त्याला मृत्यूची किंमतही चालणार होती.

विचारात घेतलेले पर्याय

ज ने त्या रात्री वहीत जे लिहिले, ते त्याने मला वाचून दाखवले. पहिला पर्याय वचन पाळून म वर अधिक लक्ष ठेवण्याचा होता. तो त्याने लगेच खोडला. लक्ष तो ठेवतच होता आणि झाकण तरीही निघत होते. दुसरा, दीड आठवड्यावर आलेल्या बदलीची वाट पाहण्याचा. हा मोह मोठा होता, कारण त्यात कोणाचा विश्वासघात झाला नसता; फक्त पुढचा जोडीदार, कदाचित नुकताच आलेला अठरा वर्षांचा मुलगा, काहीही माहीत नसताना त्या पिंपाशेजारी राहायला आला असता. तिसरा, पुन्हा डिस्ट्रिक्ट लीडरकडे जाण्याचा. तिथून काय मिळेल हे त्याला आता ठाऊक होते. चौथा, म झोपल्यावर मिशन प्रेसिडेंटना गुपचूप फोन करण्याचा. हा सर्वांत जलद आणि सुरक्षित होता, पण त्यानंतर म कोणावरच विश्वास ठेवणार नाही अशी भीती होती. पाचवा, म ने स्वतः फोन करावा म्हणून त्याला राजी करण्याचा. त्यात तो नाही म्हणाला तर काय, हे अनुत्तरित होते.

ज ने शेवटच्या दोहोंच्या मधला मार्ग निवडला. मी त्या खोलीत असते तर चौथा पर्याय निवडला असता, कारण जिवाला धोका असताना एक रात्रही जोखमीची असते. तरीही त्याच्या निवडीमागची सूक्ष्म जाण मला मोलाची वाटते.

केलेली कृती

ज रात्रभर जागा राहिला आणि पिंप त्याने त्याच रात्री उपडे केले. सकाळी अभ्यासाच्या वेळी त्याने म ला सांगितले की दिलेले वचन आपण आता पाळणार नाही. कारणही सांगितले: वचन देताना मला वाटले होते की तू थकला आहेस, आता मला वाटते की तू मरशील. फोन आज दुपारपर्यंत होणार हे नक्की. तो तू करशील, मी करीन की दोघे मिळून करू, एवढे तू ठरव. म बराच वेळ गप्प राहिला, रागावला, रडला आणि अखेरीस म्हणाला की नंबर तू लाव.

फोन मिशन प्रेसिडेंटच्या पत्नीने घेतला. मिशनरींच्या प्रकृतीची चौकशी पुष्कळ मिशनांत त्याच पाहतात. ज ने पिंपाची आणि मलमाची हकिकत काही न वगळता सांगितली आणि फोन म च्या हाती दिला. त्यांनी म ला आधी आज जेवलास का असे विचारले आणि मग थेट विचारले की आयुष्य संपवावे असे वाटते का. तोवर कोणीही त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. म हो म्हणाला. त्याच दुपारी दोघे बसने आणि मग बोटीने मिशनच्या मुख्य शहरी पोहोचले.

तिथे चर्चने त्या प्रदेशासाठी नेमलेल्या मानसिक आरोग्य सल्लागारांशी म चे बोलणे झाले आणि स्थानिक डॉक्टरांनी तपासणी करून नैराश्य व चिंताविकाराचे निदान केले. औषध सुरू झाले. काही आठवडे म मिशनच्या कार्यालयात काम करणाऱ्या मुलांबरोबर राहिला. तिथे थांबून बरे होणे शक्य आहे का हे पाहायचे होते. पहाटेची झोप सुधारली, पण नामपट्टी लावून दाराशी उभे राहण्याच्या कल्पनेनेच त्याची छाती धडधडू लागे. घरी जाऊन उपचार पूर्ण करावेत हा निर्णय शेवटी त्यानेच घेतला. वडिलांना फोन मिशन प्रेसिडेंटनी केला, म ला शेजारी बसवून, आणि त्यात आजार हाच शब्द वापरला.

परिणाम

म ला सन्मानाने सेवामुक्त केले गेले. कागदावर तसे लिहिले असले तरी गावात ते रुजायला वेळ लागला. वडील चार महिने त्याच्याशी कामापुरतेच बोलले. रविवारी भेटणारी माणसे परत कधी जाणार असे विचारत आणि त्या प्रश्नात वाईट हेतू नसला तरी त्याने काही रविवार जाणेच टाळले. मंडळीच्या प्रमुखांनी त्याला पियानोजवळची गाण्यांची पुस्तके लावण्याचे छोटे काम दिले. पुढे त्याने तांत्रिक अभ्यासक्रम पूर्ण केला. औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी झाली. मिशनवर बदली होई ती वेळ जवळ आली की अजून झोप बिघडते, असे तो सांगतो. बदलीचे ते सहा आठवड्यांचे चक्र त्याच्या शरीरात राहिले आहे.

ज चे प्रकरण वेगळ्याच वळणाने माझ्यापर्यंत आले. मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीमुळे चर्चने फिलिपिन्समधील परदेशी मिशनरींना माघारी बोलावले आणि तोही ठरलेल्या मुदतीआधी काही आठवडे घरी परतला. 22 मार्च रोजी सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळावर फिलिपिन्सहून आलेल्या मुलांना घ्यायला नातेवाइकांची इतकी गर्दी झाली की अधिकाऱ्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. सेवा अपुरी राहिली म्हणून त्याला कोणी काही विचारले नाही, सर्वांनी मिठीच मारली. त्या स्वागताने त्याला आनंद होण्याऐवजी संताप आला, कारण म ला बसथांब्यावर फक्त आई घ्यायला आली होती. त्या संतापाने झोप उडाली तेव्हा तो समुपदेशनासाठी आला.

वेगळे काय करता आले असते

पहिली जागा वचनाची. गुप्ततेचे वचन मागितले जाते तेव्हा ते सरळ नाकारण्याची गरज नसते. तुझ्या जिवाला धोका दिसला तर मी बोलेन, एवढी एक अट आधीच घालता येते. ही अट घातली असती तर पाचव्या आठवड्यात ज ला शब्द मोडावा लागला नसता. मिशनरींच्या प्रशिक्षणात धर्मशिक्षण आणि भाषेला कित्येक आठवडे मिळतात. या एका वाक्याच्या सरावाला एक तास द्यायला हरकत नसावी.

दुसरी जागा आकड्यांची. अहवाल सावरून ज ने म ला वाचवले असे त्याला तेव्हा वाटले. प्रत्यक्षात घसरलेला आकडा हीच वरिष्ठांपर्यंत पोहोचणारी एकमेव खूण होती आणि ती त्याने पुसली. ज्या व्यवस्थेत आकडा कमी झाला की आधी निष्ठेवर शंका येते, तिथे मुले आकडे लपवणारच. पहिला प्रश्न तब्येतीचा असेल तर ती लपवणार नाहीत.

तिसरी जागा प्रश्न विचारण्याची, आणि इथे ज, म आणि माझे मत एक नाही. दुसऱ्या आठवड्यातच वर कळवायला हवे होते, असे ज मानतो. म ला तसे वाटत नाही. त्या वेळी कळवले असते तर तो सारे नाकारून मोकळा झाला असता. त्याला हवे होते ते एवढेच की पहाटे तीन वाजता उठून बसलेल्या त्याला ज ने झोप येत नाही का असे विचारण्याऐवजी मरावेसे वाटते का, असे विचारावे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जाईल, ही भीती पुष्कळांना असते आणि ज लाही होती. ती खरी नाही. थेट प्रश्नाने धोका वाढत नाही आणि बहुतेकांना बोलायला वाट मिळते, हे आमच्या क्षेत्रात आता चांगले प्रस्थापित आहे. मी म च्या बाजूची आहे.

दोघे आजही महिन्यातून एकदा फोनवर बोलतात, अर्धे इंग्रजीत आणि अर्धे त्या सेबुआनोत जी दोघांपैकी कोणाचीच मातृभाषा नाही. ज सध्या युटामध्ये नर्सिंग शिकतो. आपल्या मंडळीतून मिशनवर निघणाऱ्या मुलांना म जाण्यापूर्वी भेटतो आणि वचनाची ती अट त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतो.